सेल संपले तर?

प्रश्न : वर्षभरात आमच्या घराची किल्ली दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, बदलावा लागला. घरात आम्ही दोघं नोकरी करणारे, ११ वर्षांची मुलगी आणि माझे ७४ वर्षांचे वडील. वडिलांच्या मदतीला दुपारी एक बाई येतात. आता पुढच्या दाराला किल्लीशिवाय उघडणारं कुलूप बसवायचं ठरलंय, पण कोणतं यावर एकमत होत नाही. यांना बोटाच्या ठशानं आणि मोबाइलवरून उघडणारं हवंय. मला हॅकिंगची भीती वाटते. विक्रेता एक मॉडेल दाखवून म्हणाला, ‘याला किल्लीचं भोकच नाही, मग चोर उघडणार कसं?’ वडील मात्र एकच विचारतात : सेल संपले तर? दार लाकडी आहे, जुनं पण भरीव. शेजारी उजेडासाठी काचेची उभी पट्टी आहे. नेमकं काय बघून घ्यावं?

उत्तर :

ताई, तुमच्या घरातल्या या वादात मी वडिलांच्या बाजूनं आहे. बावीस वर्षं दारांना कुलपं बसवतोय, आणि दुकानात उभं राहून विचारायचे निम्मेअधिक प्रश्न त्यांच्या एका प्रश्नाच्या पोटात आहेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सेल संपले की दोन माणसांचं काय होतं ते बघायचं : बाहेर उभा असलेला आणि आत असलेला. बाहेरच्यासाठी दार बंदच राहायला हवं. कार्यालयांच्या दारांना जी चुंबकावर चालणारी कुलपं असतात ती वीज गेली की मोकळी होतात, कारण आतल्या माणसांना पळता यावं म्हणून ती तशीच बनवलेली असतात. घराच्या पुढच्या दाराला ती चालत नाहीत, कोणी सुचवली तर नको म्हणा. आतल्या माणसासाठी नियम उलटा आहे. त्याला बाहेर पडायला सेल, कोड, ठसा, किल्ली, यातलं काहीच लागता कामा नये. आतलं हँडल दाबलं किंवा खटका फिरवला की धातूनं धातू सरकून दार उघडलं पाहिजे, तेही एकाच हालचालीत. घरात धूर भरला तर वडील कोणतं बटण दाबायचं ते आठवत बसणार नाहीत. दुकानात मांडलेल्या नमुन्यातले सेल काढायला सांगा आणि आतला खटका स्वतः फिरवून बघा. बोल्ट, म्हणजे कुलपातून निघून चौकटीत शिरणारा दांडा, आत गेला तर पुढचं बोलणं करा. विक्रेत्यानं कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा.

बाहेर अडकलेल्याची सोय बहुतेक चांगल्या कुलपांत असते. कीपॅडच्या खालच्या कडेला दोन छोटे धातूचे ठिपके असतात, त्यांना नऊ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवला की कुलूप तेवढ्यापुरतं जागं होतं आणि नेहमीचा कोड घेतं. काहींना त्याऐवजी यूएसबी-सीचं तोंड असतं, तिथे पॉवर बँक लावायची. सेल अल्कलाइनच घाला, आणि सगळे एकदम बदला. पैसे वाचवायला रिचार्जेबल घालू नका. अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरत जातो, त्यामुळे कुलपाला आधीच कळतं आणि ते काही आठवडे टिवटिव करून सांगतं. रिचार्जेबल सेल मुळात १.२ व्होल्टचे, शेवटपर्यंत जवळपास तेवढेच राहतात आणि मग एकदम बसतात. इशारा येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

सेलच्या बाबतीत मी स्वतः एक धडा घेतलाय. माझ्या घरी पहिलं असं कुलूप बसवलं तेव्हा वर्षभर चालतील असं सांगितलेले सेल पाच आठवड्यांत संपले. कंपनीनं कुलूप बदलून दिलं. नव्याचेही तसेच गेले. मग एका रात्री दाराला कान लावून ऐकलं तर बोल्ट बाहेर येताना मोटर शेवटी शेवटी किरकिरत होती. बोल्टच्या टोकाला खडू फासला, दार लावलं, कुलूप लावलं, परत उघडलं. चौकटीतल्या पट्टीच्या भोकाच्या खालच्या काठावर खडूची पांढरी रेघ उमटली होती. दार वरच्या बिजागरीपाशी दोनेक मिलिमीटर खाली आलं होतं. किल्लीनं कुलूप लावताना आपण नकळत दार जरा उचलतो, जरा ओढून घेतो. हाताला ती सवय असते, मोटरला नसते. ती दर वेळी लोखंडावर लोखंड घासत बोल्ट ढकलत होती आणि सेल पीत होती. बिजागरीला लांब स्क्रू घातले, पट्टीचं भोक कानशीनं थोडं उतरवलं, आणि त्याच कुलपाचे पुढचे सेल अकरा महिने चालले.

तुमचं दार जुनं आहे, म्हणून हे आजच करून बघा. सध्याचं कुलूप दार न ओढता, न ढकलता, दोन बोटांनी लागतं का? नाही लागलं तर आधी सुताराला बोलवा. लाकूड दमट दिवसांत फुगतं, तेव्हा सुताराला चार दिशांना थोडी मोकळीक ठेवायला सांगा.

आता तुमची भीती. हॅकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर लॅपटॉप घेऊन बाहेर बसलेला माणूस येतो. तसं होऊ शकतं का, तर हो, त्यावर पुढे येतो. पण दार फोडणारा माणूस बहुधा लाथ मारतो किंवा पहार घालतो, आणि तेव्हा कुलूप शाबूत राहून चौकट फाटते. चौकटीतली ती पट्टी, जिच्या भोकात बोल्ट शिरतो, ती बहुतेक घरांत दोन आखूड स्क्रूंवर उभी असते. ते स्क्रू चौकटीच्या वरच्या पातळ लाकडातच अडकलेले असतात. एका जोरदार लाथेत लाकडाची ढलपी निघते आणि महागडं कुलूप बोल्ट बाहेर काढलेल्या अवस्थेत दाराबरोबर आत येतं. पट्टी जाड घ्या आणि तिला ७५ मिलिमीटरचे स्क्रू घाला, म्हणजे ते चौकट पार करून मागच्या लाकडात किंवा भिंतीत जातील. सगळ्या दुरुस्तीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

बोल्ट म्हणजे कोणता तेही बघून घ्या. दार ओढलं की आपोआप अडकणारी, एका बाजूनं तिरकी कापलेली जी जीभ असते, तिच्यामागे स्प्रिंग असतो. फटीतून प्लॅस्टिकचं कार्ड सरकवून ती मागे ढकलता येते. त्यावर एकट्यावर विसंबू नका. चौकोनी, स्प्रिंग नसलेला, बाहेर आल्यावर जागेवर अडकणारा बोल्ट हवा, आणि तो निदान २५ मिलिमीटर बाहेर यायला हवा. किल्लीशिवायची कितीतरी देखणी कुलपं फक्त तिरक्या जिभेवर चालतात. बाहेरून कीपॅड चमकतो, आत जीभ आखूडच असते.

खोक्यावर काही खुणा असतात, त्या वाचायला शिका. अमेरिकेतल्या बीएचएमए संस्थेच्या मानकांत श्रेणी १, २, ३ अशा असतात आणि १ ही सर्वांत भक्कम. घरगुती कुलपांसाठी तीन अक्षरांचीही पद्धत आहे : पहिलं अक्षर सुरक्षेचं, दुसरं टिकाऊपणाचं, तिसरं झिलईचं. ‘ए’ सर्वांत वरचं. पहिलं अक्षर काय आहे ते बघा, बाकी दोन नंतर. पण या खुणा लोखंडाची परीक्षा सांगतात, आतल्या सॉफ्टवेअरची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

‘किल्लीचं भोकच नाही’ या दाव्याकडे येऊ. त्यात तथ्य आहे. भोक नसेल तर किल्लीच्या वाटेनं होणारी फसवाफसवी बंद होते. कित्येक डिजिटल कुलपांत कीपॅडच्या खाली किंवा एखाद्या टोपणामागे किल्लीचं भोक लपवलेलं असतं आणि तिथे हलका, ठोकून उघडणारा सिलिंडर बसवलेला असतो. सगळी अक्कल पुढच्या बाजूला आणि मागचं दार सताड उघडं, असा प्रकार. मात्र भोक नसण्याची दुसरी बाजूही आहे. २०१७ मध्ये एका कंपनीनं इंटरनेटवरून आपल्या कुलपांना चुकून दुसऱ्या मॉडेलचं सॉफ्टवेअर पाठवलं. सुमारे ५०० कुलपं जागच्या जागी बधिर झाली, कोड घेईनात, आणि दुरुस्तीसाठी खोलून परत पाठवावी लागली. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीची किल्ली होती ते घरात गेले.

तेव्हा माझं मत असं : घराला दुसरं दार असेल आणि त्याला वेगळं साधं कुलूप असेल, तर पुढच्या दाराला भोक नसलेलं खुशाल घ्या. एकच दार असेल, आणि त्यातही आत एकटे वडील असतील, तर किल्लीनंही उघडणारं घ्या, पण सिलिंडर नीट निवडा. तो बदलता येण्याजोगा, नेहमीच्या मापाचा हवा. ड्रिल लागू नये म्हणून आत कडक पोलादाच्या पिना हव्यात. लांबट सिलिंडर असेल तर तो त्याच्याभोवती दारावर बसवलेल्या धातूच्या पट्टीबाहेर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये, नाहीतर पकडीत धरून तो मोडता येतो. ब्रिटनमधल्या टीएस ००७ मानकाचे तीन तारे ज्या सिलिंडरवर असतात तो मोडण्याविरुद्ध तपासलेला असतो. आणि ती किल्ली कोणाच्याही खिशात नको. विश्वासातल्या एका घरी, बंद पाकिटात ठेवा.

आता उघडायचं कशानं. मला विचाराल तर कोड. बोटांच्या झगमगाटापुढे तो जुनाट वाटेल, पण कोड हरवत नाही, चार्ज करावा लागत नाही आणि उद्या बदलता येतो. चार आकड्यांच्या कोडाच्या १०,००० शक्यता होतात, सहा आकड्यांच्या १०,००,०००. पण चोर शून्यापासून सुरुवात करत नाही. संध्याकाळी तिरका उजेड पडला की कोणत्याही वापरातल्या कीपॅडजवळ जाऊन बघा. चार बटणं जरा जास्त तुळतुळीत दिसतील, किंवा काचेवर चार तेलकट ठिपके दिसतील. चार आकडे कळले आणि कोडही चारच आकड्यांचा, तर उरतात फक्त २४ क्रम. पाच चुकांनंतर तीन मिनिटं गप्प बसणाऱ्या कुलपापुढेही ते बारा मिनिटांचं काम आहे. गंमत म्हणजे एक आकडा दोनदा वापरलात तर तीनच ठिपके दिसतात आणि क्रम ३६ होतात, म्हणजे वाढतात. आता सहा आकड्यांचा कोड घ्या, त्यात पाच वेगळे आकडे आणि एक दोनदा. पाचही ठिपके चोराला दिसले तरी त्याच्यापुढे १,८०० क्रम उभे राहतात. त्याच कुलपापुढे त्याला जवळजवळ अठरा तास उभं राहावं लागेल.

म्हणून सहा आकडे, एखादा दोनदा, आणि जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक, घराचा क्रमांक यातलं काही नाही. कुलूप घेताना विचारा की चुकीच्या प्रयत्नांनंतर ते थांबतं का. हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. खऱ्या कोडाच्या आधी आणि नंतर मनाला येतील ते आकडे दाबू देणारी सोय असेल तर उत्तम. मागे कोणी उभं असलं तरी त्याला काही कळत नाही, आणि ठिपके सगळ्या बटणांवर पसरतात. आठवड्यातून एकदा कीपॅड ओल्या कापडानं पुसणं हेही सुरक्षेचंच काम आहे.

कोडाचा मोठा फायदा तुमच्या घरात वेगळाच आहे. प्रत्येकाला वेगळा कोड द्या. मदतीला येणाऱ्या बाईंचा कोड फक्त ठरलेल्या दिवशी, दुपारच्या ठरलेल्या वेळेतच चालेल असा लावता येतो. त्यांना हे उघडपणे सांगा, त्यात अविश्वास नाही. उलट कधी काही हरवलं तर नोंदीत कोण केव्हा आलं ते दिसतं आणि त्यांच्यावर विनाकारण संशय येत नाही. किल्ली दिली असती तर तिची नक्कल कुठे फिरते आहे ते कोणालाच कळलं नसतं. त्यांनी काम सोडलं की कोड पुसायचा, सिलिंडर बदलायला नको.

ठशाचं म्हणाल तर तो असू द्या, तुमच्या यजमानांच्या हौसेखातर नाही, तर हातात सामान असताना खरंच सोयीचा पडतो म्हणून. फक्त एकटा ठसा नको. २००२ मध्ये जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनची नकली बोटं तयार करून ११ ठसावाचक यंत्रं फसवून दाखवली होती. त्यानंतर वाचक सुधारले, जिवंत कातडी ओळखणारे आले. तुमच्या दारात कोणी जिलेटिन घेऊन येईल असं मला वाटत नाही. खरी अडचण उलट दिशेची आहे : आपलाच माणूस बाहेर राहतो. वय वाढलं की बोटांवरच्या रेषा सपाट होतात, कातडी कोरडी पडते. पाण्यात सतत काम करणाऱ्यांची बोटं सुरकुततात. लहान मुलांची बोटं वाढतात, म्हणून मुलीचा ठसा दर वर्षी नव्यानं नोंदवा. एका माणसाची दोन्ही हातांची मिळून तीन बोटं नोंदवा, आणि तेच बोट एकदा कोरडं, एकदा जरा ओलसर असं दोनदा. वडिलांचा ठसा दहापैकी आठ वेळा लागला तरी मी तो ‘लागत नाही’ असंच धरेन. उन्हात उभं राहून नववा-दहावा प्रयत्न करायचं त्यांचं वय नाही. त्यांना कोड पाठ करू द्या, त्यांच्या तरुणपणातला एखादा आकडा जो घरात दुसऱ्या कोणाला आठवणारही नाही. ठसा जिथे साठतो ती जागा कुलपाच्या आतली असावी, कंपनीच्या सर्व्हरवर नको. कोड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

कार्ड किंवा टॅग देणारी कुलपंही मिळतात. त्यांतल्या साध्या, १२५ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या कार्डांत काहीच गुपित नसतं. कार्ड आपला क्रमांक मोठ्यानं सांगतं आणि कोणीही ऐकून काही सेकंदांत नक्कल करू शकतं. कार्ड सोबत आलंच तर ते नोंदवूच नका.

आता मोबाइल आणि हॅकिंग. भीती निराधार नाही. २०१६ मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत दोन संशोधकांनी १६ ब्लूटूथ कुलपं तपासल्याचं सांगितलं आणि त्यांतली १२ उघडली होती. काही कुलपं तर पासवर्ड जसाच्या तसा हवेत सोडत होती. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या संस्थेनं दाखवलं की खिशातला मोबाइल लांब असला तरी त्याचा ब्लूटूथ संदेश मध्ये पकडून पुढे पोहोचवता येतो, आणि ‘मालक जवळ आला’ असं समजून कुलूप उघडतं. यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अगदी सोपी आहे. मोबाइल जवळ आला की आपोआप उघडणारी सोय बंद ठेवा. यजमानांना मोबाइलवरून उघडायचं असेल तर ॲप उघडून, बटण दाबून उघडू दे.

मुळात कुलपाला इंटरनेट हवंच का? कार्यालयात बसून दार उघडायची गरज तुम्हाला किती वेळा पडेल? वडील घरात असतात, ते आतून उघडतात. वाय-फाय सतत चालू राहिलं तर सेलही लवकर संपतात. मी तुमच्या जागी असतो तर ब्लूटूथपुरतं कुलूप घेतलं असतं, म्हणजे कोड लावायला, नोंद बघायला दाराजवळ उभं राहायचं. पुढे कधी वाटलंच तर जोडणी वेगळी घेता येते. आणि जोडलंत, तर लक्षात ठेवा की कुलपापेक्षा तुमचं खातं फोडणं सोपं असतं. दुसरीकडे वापरलेला पासवर्ड इथे वापरायचा नाही, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, जुना मोबाइल विकण्याआधी तो खात्यातून काढायचा.

कंपनी कोणती हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मॉडेलं दर वर्षी बदलतात. कंपनीला एक प्रश्न लेखी विचारा : या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंसाठी ही मुदत जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि सगळ्या वस्तूंना एकच सोपा पासवर्ड घालून विकायलाही तिथे बंदी आहे. म्हणजे उत्तर देता येतं. जी कंपनी उत्तर देत नाही तिचं कुलूप दारावर पुढची दहा वर्षं कशाला लावायचं?

कुलपाचं डोकं कुठे आहे तेही विचारा. बाहेरच्या भागात फक्त बटणं आणि ठसावाचक असावा, उघडायचं की नाही हा निर्णय आणि मोटर दाराच्या आतल्या बाजूला. हलक्या प्रकारांत उघडण्याची तार बाहेरच्या डबीतच असते. डबी उपटली, दोन तारा जोडल्या की काम झालं. बाहेरचं हँडल, असलंच तर, कोड लागेपर्यंत मोकळं फिरणारं हवं, म्हणजे त्याला पाइप लावून कितीही पिळलं तरी आत काहीच हलत नाही. कोड लागल्यावर बोल्ट ओढणारं यंत्र मोटरचं असावं. स्वस्तातल्या विद्युतचुंबकी यंत्राला बाहेरून जोरदार चुंबक लावून किंवा दणके देऊन सरकवल्याची उदाहरणं आहेत.

तुमच्या पत्रात शेवटी जाता जाता एक वाक्य आहे, काचेच्या पट्टीचं. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. आतला खटका सेलशिवाय, किल्लीशिवाय फिरला पाहिजे असं मी वर सांगितलं. पण काच फोडून हात आत घातला तर तोच खटका चोराच्याही हाती लागतो, आणि मग कोड सहा आकडी असो की बारा आकडी. उपाय म्हणून काही जण आतूनही किल्ली लागणारं कुलूप सुचवतील. ते कदापि बसवू नका. आग लागली तर किल्ली शोधत वडील दाराशी अडकतील. काच बदला. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच घ्या. ती तडकते, पण तुकडे थराला चिकटून राहतात आणि हात जाईल असं भगदाड पाडायला बराच वेळ आणि बराच आवाज लागतो. काच बदलणं शक्य नसेल तर आतून जाड सुरक्षा फिल्म चिकटवून घ्या, कडेपर्यंत आणि चौकटीला धरून. किंवा काच ज्या बाजूला आहे त्या बाजूला बिजागऱ्या आणि लांबच्या बाजूला कुलूप येत असेल तर प्रश्नच मिटतो. दाराला पत्रं टाकायची फट असेल तर तिच्यातूनही काठी घालून खटका फिरवता येतो, तिला आतून झाकण लावा.

तर तुमच्यासाठी मी निवडेन ते असं : चौकोनी, मोटरवर चालणारा २५ मिलिमीटरचा बोल्ट, कीपॅड आणि ठसा दोन्ही, चुकांनंतर थांबणारं, आतून नुसत्या खटक्यानं उघडणारं, चांगला सिलिंडर आणि एक किल्ली, ब्लूटूथपुरतं. दार बंद झालं की नाही ते ओळखणारा छोटा चुंबक चौकटीत असेल तर आपोआप कुलूप लावण्याची सोय चालू करा. तो चुंबक नसेल तर करू नका, कारण नुसत्या घड्याळावर चालणारं कुलूप दार उघडं असतानाही बोल्ट बाहेर काढतं, आणि मग दार लावताना तो चौकटीवर आपटतो. घ्यायला जाण्याआधी दाराची जाडी, दाराच्या कडेपासून सध्याच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि दार कोणत्या बाजूला उघडतं हे कागदावर लिहून न्या. दाराचा कडेनं काढलेला एक फोटोही न्या.

बसवून झालं की कारागीर निघायच्या आधी कारखान्यातून आलेला मुख्य कोड बदला. तो कोड माहितीपुस्तकात छापलेला असतो, म्हणजे सगळ्या जगाला माहीत असतो. बसवणाऱ्यानं चाचणीसाठी स्वतःचा ठसा नोंदवला असेल तर तो त्याच्यासमोरच पुसा. सगळ्या चाचण्या दार उघडं ठेवून करा, चौकटीत बोल्ट शिरतो का ती सोडून. आणि पहिल्या रात्री घरातले दिवे बंद करून वडिलांना, कोणीही न सांगता, आतून दार उघडून बाहेर यायला सांगा. त्यांना ते पहिल्याच प्रयत्नात जमलं तर कुलूप तसंच राहू द्या. नाही जमलं, तर तो खटका बदलून मागा, पुस्तकात काहीही लिहिलेलं असलं तरी.